वारावरची पोर

लामारोने आपल्या पोरीला आचिरोआत्याच्या अंगणात आणून उभं केलं तेव्हा तिळाची पेरणी चालू होती आणि आचिरोचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने भरलेले होते. म्हणून तिने पोरीला जवळ घेतलं नाही. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली, की हात मातीचे होते म्हणून.

“आत्या, तीळ वाळत घातले की येते हिला न्यायला,” लामारो म्हणाली. “तोवर ठेव. तुझ्याचकडे ठेव.”

“आणि तो नदीपलीकडचा काय म्हणतो?”

“तो म्हणतो, तुला नांदवीन. बंदुकीच्या पोराला नाही.”

“म्हणजे नवरा नाही, नाकेदार गाठलास,” आचिरो म्हणाली, पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता. भाची अजून पंचविशीचीही नव्हती. तिने घर थाटू नये असं कोणत्या तोंडाने सांगायचं? लामारोने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, पिठाच्या पोत्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं तिच्या हातात दिलं आणि मागे न बघता ती कसावाच्या रानाआड गेली. पोर रडली नाही, मागे धावलीही नाही. गाठोडं पोटाशी धरून ती भिंतीला पाठ लावून बसली.

लामारो बारा वर्षांची असताना बंडखोरांनी तिला शाळेच्या वाटेवरून उचलून नेलं होतं. आठ वर्षांनी ती परत आली ती पाठीवर तीन वर्षांची आपारो बांधून. तेव्हा अख्खं गाव छावणीत राहत होतं, पण रीत ती रीत. बाहेर राहून आलेल्याने घरात शिरण्याआधी उंबऱ्यापाशी ठेवलेलं कच्चं अंडं पायाखाली फोडायचं, म्हणजे बाहेरचं जे काही अंगाला चिकटलं असेल ते तिथेच गळून पडतं. लामारोने अंडं फोडलं, बायकांनी किलकारी दिली. पाठीवरच्या पोरीसाठीही एक ठेवावं असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा म्हाताऱ्या ओजाराने हात उडवला. “ती कुठे घर सोडून गेली होती, की परत आली म्हणायचं?” तर्कात खोट नव्हती. ओजारा हा गावच्या कुदळींचा म्होरक्या, कोणाच्या शेतात कधी उतरायचं ते ठरवणारा. त्याला शेताच्या बांधासारखं सगळं सरळ रेषेत लागायचं.

आता छावणी मोडून गाव गावात परतलं होतं आणि आपारो सहा वर्षांची झाली होती. ती कधी दाराने येत नसे, मागच्या रानातून यायची. जेवताना अर्धं खाऊन अर्धं कमरेच्या फडक्यात बांधायची. कोणी गवत पेटवलं की दिसेनाशी व्हायची, आणि मग धान्याच्या कणगीखाली सापडायची. चटई ओली करायची. आणि रडताना तिचा आवाज येत नसे. डोळ्यांतून धारा, छाती भात्यासारखी वरखाली, आणि तोंडावर स्वतःचाच तळहात गच्च दाबलेला. रानात लपून बसताना लामारोने तिच्या तोंडावर असाच हात ठेवला असणार, हे कोणी न सांगताही सगळ्यांना कळत होतं.

आचिरो पन्नाशीची विधवा. दोन मुलगे तिने छावणीत एकाच महिन्यात तापाने घालवले होते. ती भित्री बाई नव्हती, पण या पोरीची तिला भीती वाटायची. लोक म्हणत, हिच्या मागोमाग रानातली मेलेली माणसं आली आहेत; तिची भीती ती नव्हती. झोपेत पोरीने कधी तिच्या अंगावरचं फडकं मुठीत धरलं, की आचिरो उजाडेपर्यंत कूस न बदलता पडून राही, आणि उठल्यावर तिला वाटे, हे आपल्याला पुन्हा झेपायचं नाही. दोन मुलगे पुरले, तिसऱ्याला जीव लावायला आता जागा नाही.

त्याच सुमारास शहरातून एका संस्थेची मॅडम आली. तिने आंब्याखाली बायका जमवल्या, प्रत्येकीला साबणाची वडी दिली आणि लहानपणीच घाव बसलेल्या मुलांविषयी दोन दिवस बोलली. चांगलं बोलली. अशी मुलं झपाटलेली नसतात, भ्यालेली असतात, म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, “असं मूल एका घराचं नसतं. ते साऱ्या गावाचं मूल आहे असं समजा.”

मॅडमची गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली तरी बायका बसून होत्या.

“साऱ्या गावाचं म्हणजे करायचं काय पण?” व्हेंतोरिना म्हणाली. ती अंगाने धिप्पाड, तोंडाने मोकळी, आणि घरात स्वतःची सात पोरं. “गाडीत बसून म्हणायला काय जातंय. माझी सात आत्ता साऱ्या गावाची करून टाकते, न्या कोण नेतंय ते.”

बायका हसल्या. मग आचिरो बोलली.

“सावडीसारखं करू,” ती म्हणाली. “आज तुझं शेत, उद्या माझं. एकटीच्या कुदळीने कोणाचं रान झालंय? पोर चार-चार दिवस प्रत्येकीकडे राहील. नऊ घरं आहेत सावडीत. कोणालाच जड जायचं नाही.”

हे कोणालाही शहाणपणाचंच वाटलं असतं. या गावातली माणसं सावडीने काहीही करतात. सावडीने नांगरतात, सावडीने घरं शाकारतात, मेलेल्याचा खड्डाही सावडीने खणतात. छावणीतून रिकाम्या हातांनी परतल्यावर नऊ घरांची शेतं याच सावडीने वर आली होती. गाव करी ते राव काय करी. मग एवढीशी पोर काय जड? ओजाराने मान डोलावली आणि घरांची रांग लावून दिली. दिवस मोजायचं काम आचिरोकडे आलं, कारण कल्पना तिची होती. ‘तुझ्याचकडे ठेव’ हे लामारोचे शब्द तिला त्या दुपारी आठवले नाहीत असं नाही. पण नऊ बायका हो म्हणत असताना एक आठवण गिळायला कितीसा वेळ लागतो.

असे आपारोचे वार लागले.

कोणत्याही घरात तिची आबाळ झाली नाही, हे आधी सांगायला हवं. या गावात पाहुण्यासाठी भिंतीवर वेगळी वाटी टांगलेली असते. वाळक्या भोपळ्याची, घासून तुकतुकीत केलेली. घरची पोरं एकाच ताटाभोवती बसून नाचणीच्या गोळ्यावर तुटून पडतात, भांडतात, एकमेकांचा घास पळवतात. आपारोला मात्र प्रत्येक घरात पाहुण्याची वाटी. तिळाच्या कुटातली भाजी आधी तिला. कोंबडी कापली तर तंगडी तिला. व्हेंतोरिनाची पोरं डोळे वटारून बघत बसत आणि आईचे रट्टे खात. “बघताय काय? पाहुणी आहे ती!”

दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात. ही तर नऊ घरची पाहुणी होती, आणि नऊ घरांत पोटभर जेवत होती.

आणि पोर सुधारली. सगळे तेच म्हणत. चटई ओली होईना, कणगीखाली लपणं बंद झालं, सांगितलं ते काम करी, हट्ट म्हणून नाही. पाचव्या दिवशी सकाळी गाठोडं घेऊन दारात उभी राही आणि विचारी, “आज कोणाकडे?” तेवढंच काय ते बोलणं. तीळ कापले गेले, पेंढ्या उभ्या करून वाळवल्या, झोडल्या, आणि लामारो आली नाही. पोरीने एकदाही आईचं नाव काढलं नाही. मॅडम परत आली तेव्हा तिने वहीत बरंच काही लिहून घेतलं आणि बायकांचे फोटो काढले.

चूक आचिरोला कळली ती व्हेंतोरिनाच्या अंगणात. ती सूप मागायला गेली होती. संध्याकाळचं जेवण नुकतंच झालं होतं. आपारोने आपली वाटी राखेने घासली, धुतली, दाराशी नेऊन उपडी ठेवली. मग गाठोडं सोडून आतल्या वस्तू मोजल्या: एक झगा, एक प्लास्टिकचा पेला, आईच्या कापडाचा तुकडा. पुन्हा गाठ मारली. व्हेंतोरिनाची धाकटी तिला चिकटून म्हणाली, “उद्या पण राहा ना गं.”

“चार झाले,” आपारो म्हणाली.

“बघितलंस?” व्हेंतोरिना कौतुकाने म्हणाली. “सांगावं लागत नाही. माझ्या सातांना हिच्या पायाचं पाणी पाजायला हवं.”

आचिरो पोरीशेजारी उकिडवी बसली. “आपारो, या सगळ्यांत तुला कुठलं घर आवडतं गं?”

पोरीने विचार केला. प्रश्न नीट समजून घेऊन उत्तर द्यावं असा तिचा चेहरा होता. “आज हे,” ती म्हणाली. “उद्या जोविनाकाकीचं.”

सूप न घेताच आचिरो घरी आली. लामारो छावणीत एकदा सांगत होती ते तिला चालता चालता आठवलं. रानात आम्ही एका जागी चार रात्री कधी काढल्या नाहीत, आत्या. पोर रांगायला लागली तरी तिला रांगायला जागा नव्हती. आणि आपण गावाने काय केलं? तेच केलं, पोटभर जेवायला घालून. पोर सुधारली नव्हती. तिला हे जुनंच जगणं ओळखीचं वाटलं होतं, म्हणून ती शांत झाली होती. आचिरोला एवढी लाज आयुष्यात कशाची वाटली नव्हती. वाटेतल्या दगडावर बसून ती रडली, आणि रडताना तिचाही हात तोंडावर गेला, लोकांनी ऐकू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सावड जोविनाच्या शेतात होती. आचिरो कुदळ न घेताच बांधावर उभी राहिली.

“पोर आजपासून माझ्याकडे राहील. वार बंद.”

व्हेंतोरिनाने कंबरेवर हात ठेवले. “का? आमच्याकडे काय कमी पडलं तिला?”

“काही कमी नाही पडलं. म्हणून तर इतके महिने कळलं नाही.”

“तूच लावलेस ना वार?”

“मीच लावले. मला भीती वाटत होती म्हणून लावले. तुम्हाला सांगितलं की कोणालाच जड जायचं नाही. मला जड जात होतं, खरं ते एवढंच.”

ओजाराने जमिनीवर काठीने एक रेघ ओढली, ती बघत राहिला. “नऊ जणांनी मिळून खणावं असं रान असतं,” तो सावकाश म्हणाला, “आणि एकानेच पाणी घालावं असं रोप असतं. आपली गल्लत झाली, बायांनो.”

“मग आम्ही काय करायचं? हात चोळत बसायचं?” व्हेंतोरिना अजून फणकारलेलीच होती.

“पोर फिरवायची नाही,” आचिरो म्हणाली. “फिरायचंच असेल तर तुम्ही फिरा.”

आणि बायका फिरल्या. सावड आता सगळ्यांत आधी आचिरोच्या शेतात उतरे, म्हणजे ती दुपारी पोरीपाशी असे. व्हेंतोरिना संध्याकाळी आपल्या सातांना हाकून आचिरोच्या अंगणात आणून सोडी आणि सगळी मिळून एकाच ताटातून ओरबाडून खात. पहिले काही दिवस आपारो बाजूला बसून बघत राहिली. मग एकदा व्हेंतोरिनाच्या एका मुलाने तिच्या हातातला घास पळवला आणि तिने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. व्हेंतोरिनाला हसू आवरेना. “आता झाली घरची,” ती म्हणाली. घरी जाताना तिने पोराच्या दंडाला तेल लावलं, आणि चावा दाखवत ते पोर चार दिवस गावभर मिरवत होतं.

पण पाचवा दिवस आला की पोर गाठोडं घेऊन दारात उभी असे.

“आज कोणाकडे?”

“इथेच.”

“आणि उद्या?”

“उद्या इथेच.”

मग ती गाठोडं खाली ठेवी. सोडत मात्र नसे. आचिरोने दिवस मोजायचं सोडलं होतं. पोरीने सोडलं नव्हतं.

नांगरणीच्या दिवसांत आचिरोने एक भोपळा निवडून कापला, वाळवला, घासला. दाभण विस्तवात लाल केलं आणि पोरीचा हात धरून तिला वाटीवर हवं ते काढायला सांगितलं. पोरीने एक वाटोळं काढलं, त्याला दोन काड्या जोडल्या.

“हे काय गं?” व्हेंतोरिनाने वाटी फिरवून फिरवून पाहिली. “रताळ्याला पाय फुटलेत?”

“कोंबडी,” आपारो म्हणाली.

“कोंबडी? माझ्या घरची अशी निघाली तर मी कापायचीसुद्धा नाही.”

पोर हसली नाही, पण तिने खाली बघून ओठ मिटून घेतले, आणि आचिरोला तेवढंही पुष्कळ झालं. वाटी टांगायला तिने भिंतीत नवी खुंटी ठोकली. पाहुण्याच्या वाटीपासून दूर, स्वतःच्या वाटीशेजारी. “ही तुझी. पाहुण्याची नाही,” तिने सांगितलं. पोरीने मान हलवली.

पावसाळ्याच्या मध्यावर एकदा तिच्या टाचेत बाभळीचा काटा आत गेला. आचिरो काटा काढायला बसली आणि पोरीने किंकाळी फोडली. खरी, मोठी, पार शेतातल्या बायकांपर्यंत जाईल अशी. तिचा हात तोंडाकडे निघाला होता, तो अर्ध्यावर आचिरोच्या मानेला जाऊन बिलगला. कुदळी टाकून बायका धावत आल्या. “काय झालं? काय चावलं?”

“काही नाही. काटा आहे,” आचिरो म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “रडतेय ती. रडू दे. कोणी गप्प करू नका.” सगळ्या कडेने उभ्या राहिल्या आणि पोर पोटभर रडेपर्यंत एकही जागची हलली नाही. त्या आठवड्यात पाचव्या दिवशी पोर दारात आली नाही. गाठोडं कोपऱ्यात तसंच पडून राहिलं, आणि आचिरोने त्याला हात लावला नाही, जणू झोपलेलं कुत्रं.

पुन्हा तीळ झाले. पेंढ्या उभ्या करून वाळत घातल्या, आणि या वेळी लामारो आली.

तिच्या पाठीवर एक तान्हा मुलगा बांधलेला होता. ती वाळली होती. अंगणात आपारोला बघताच तिने गळा काढला. आपारो उठली. ती आईजवळ गेली, टाचा उंचावल्या, आणि आपला लहानसा तळहात तिच्या तोंडावर दाबून धरला. लामारो गप्प झाली.

“न्यायला आलेय, आत्या,” लामारो नंतर म्हणाली. “तो हो म्हणाला. मुलगा झाला ना, तेव्हापासून जरा निवळलाय.”

“मनापासून म्हणाला की तुझ्या रडण्याला कंटाळून?”

“हो म्हणाला. मला तेवढं पुरे आहे.”

“मागच्या तिळाला येणार होतीस.”

“येता आलं असतं तर आले नसते का?” लामारो म्हणाली. आईपुढे आचिरोचा हक्क तो किती. पोर घे म्हटलं तेव्हा जिने घेतली नाही, तिने आता देत नाही म्हणायचं? तरी तिच्या तोंडावर आलं होतं. ठेव गं इथे. आत्ता कुठे आवाज फुटलाय तिला. ते तिने गिळलं. व्हेंतोरिना कुंपणाशी येऊन उभी होती.

“आपारो,” आचिरो म्हणाली, “आई आलीय. तुला न्यायला.”

पोरीने आईकडे पाहिलं, पाठीवरच्या बाळाकडे पाहिलं. “बरं,” ती म्हणाली.

ती आत गेली आणि कोपऱ्यातलं गाठोडं घेऊन आली. ते बांधलेलंच होतं. मग पुन्हा आत जाऊन तिने खुंटीवरची वाटी काढली, राखेने घासली, पाण्याने धुतली, पायांच्या रताळ्यावरून बोट फिरवून राख उरली नाही ना ते पाहिलं. आणि दाराशी नेऊन उपडी ठेवली.

“अगं, ती तुझी आहे,” आचिरो म्हणाली. “ती बरोबर न्यायची.”

पोरीने मान हलवली. एवढंही कसं कळत नाही अशा नजरेने तिने आचिरोआजीकडे पाहिलं. भांडं घराचं असतं, हे नऊ घरांत तिला समजलं होतं.

लामारोने हात पुढे केला. आपारोने तो धरला. दोन पावलं चालून ती थांबली आणि वळून बघू लागली. आईकडे नाही, आचिरोकडे. कारण दिवस ठरवायचे ते आजीने, असंच ती धरून होती.

“आजी, हिच्याकडे किती दिवस?”

लामारोने हात सोडला नाही, पण मान खाली घातली. आचिरोने सांगायचा प्रयत्न केला. कायमची, पोरी. आता कायमची आईकडे. पण ‘उद्या इथेच’ हेही तिने इतक्यांदा सांगितलं होतं, की आता ‘कायमची’ कोणत्या तोंडाने म्हणावं ते तिला कळेना. चार म्हणाली असती तर पोर निर्धास्त चालू लागली असती.

आपारो उत्तराची वाट बघत उभी होती. तिने मोकळ्या हाताची चार बोटं आधीच वर केलेली होती.